पथ्य पाळताय? मग डब्याची मागची बाजू वाचा

कळंब तालुक्यातील पन्नाशीच्या एका मावशी परवा ओपीडीत आल्या. गॅस, पोटफुगी आणि दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौच ही त्यांची तक्रार. पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली : टिनमधले उकडलेले हरभरे, इन्स्टंट सूपची पाकिटे, फळांचा रस आणि ‘शुगर फ्री’ बिस्किटे. ‘लेकानं पुण्याहून पाठवलंय. गहू, दूध, कांदा-लसूण, डाळी सगळं बंद केलंय, डॉक्टरसाहेब. तरी पोट काही थांबंना.’ तीन महिन्यांत त्यांचे वजन सहा किलो उतरले होते.

मी पाकिटे उलटी करून वाचली. सूपमध्ये मैदा, दुधाची पावडर आणि कांदा-लसणाची पावडर होती. बिस्किटात गव्हाचे पीठ आणि साखरेऐवजी माल्टिटॉल. म्हणजे स्वयंपाकघरातून हद्दपार केलेले सगळे पदार्थ पाकिटातून परत पोटात जात होते. गंमत म्हणजे, ‘डब्यातले नको’ म्हणून त्यांनी न फोडलेला हरभऱ्याचा टिनच त्यातल्या त्यात निरुपद्रवी होता.

टिन शत्रू नाही

हवाबंद डब्यातला पदार्थ म्हणजे रसायनांत बुडवलेला पदार्थ, असा समज आहे. प्रत्यक्षात डबा बंद करून तो जास्त तापमानाला तापवला जातो. त्यात जंतू मरतात, म्हणून पदार्थ टिकतो. या प्रक्रियेत ‘क’ जीवनसत्त्व बरेच कमी होते. प्रथिने आणि तंतू टिकून राहतात. मात्र फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा सरळ फेकून द्यावा. त्यात बोट्युलिझमचे जंतू वाढलेले असू शकतात आणि त्यांचे विष जीवघेणे असते.

संवेदनशील आतड्याच्या रुग्णांसाठी (आयबीएस) मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने ‘लो फॉडमॅप’ आहार विकसित केला. आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि तिथे आंबून गॅस करणाऱ्या शर्करा त्यात काही काळ कमी करतात. हरभरा, राजमा यांतल्या अशा शर्करा पाण्यात उतरतात. त्यामुळे टिनमधले पाणी ओतून, दाणे धुऊन थोडे खाल्ले, तर घरी नेहमीच्या पद्धतीने शिजवलेल्या हरभऱ्यापेक्षा ते अनेकांना सोसतात. धुतल्याने वरचे मीठही कमी होते. त्यासाठी टिन विकत घ्यायलाच हवा असे नाही. हरभरे रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, भरपूर पाण्यात शिजवा आणि तेही पाणी काढून टाका. काम तेच होते आणि खर्चही वाचतो.

लपलेले घटक

अडचण डब्यात नाही, डब्यात मिसळलेल्या गोष्टींत आहे. आपल्या नियमांनुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिल्या तीन-चार नावांत मैदा, साखर किंवा दुधाची पावडर असेल, तर पुढच्या बाजूला काहीही लिहिलेले असो, तो पदार्थ तुमच्या पथ्याचा नाही. सॉर्बिटॉल (४२०), मॅनिटॉल (४२१), माल्टिटॉल (९६५) हे गोडी आणणारे घटक जुलाब वाढवतात. आंबा, सफरचंद यांच्या रसातले फ्रुक्टोज अनेकांचे पोट फुगवते.

सीलिअॅक आजारात तर गव्हाचा कणही चालत नाही. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. आपली ज्वारीची भाकरी मुळात ग्लुटेनमुक्त आहे. पण गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली, तर ती तशी राहत नाही. अशा रुग्णाने घरी वेगळी चक्की ठेवावी.

नियम कुठवर आले?

पुढच्या बाजूचे दावे आणि मागच्या बाजूचे वास्तव यांतली ही दरी सरकारलाही मान्य करावी लागली आहे. जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) रसांच्या वेष्टनांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘ओआरएस’ हा शब्द गोड पेयांच्या नावात वापरण्यास मनाई केली. त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्याहून कितीतरी गोड पेय जुलाबाच्या रुग्णाला दिले, तर जुलाब वाढतात. खरे ओआरएस आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

साखर, मीठ, चरबी यांचा इशारा पाकिटाच्या दर्शनी बाजूला असावा, या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांची मुदत दिली आणि पुढे ती वाढवली. चिलीत २०१६ पासून असे काळे अष्टकोनी इशारे आहेत. ते समजायला फार शिकलेले असावे लागत नाही. आपल्याकडे तर प्रश्न भाषेपासूनच सुरू होतो. लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत देणे बंधनकारक आहे, मराठी ऐच्छिक. ओपीडीत माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या दृष्टीने, बारीक इंग्रजी अक्षरांतली ती यादी छापली काय आणि न छापली काय, सारखेच. दर्शनी इशारा आणि राज्याच्या भाषेतली घटकांची यादी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच नियमाचा उपयोग रुग्णापर्यंत पोहोचेल.

पथ्यालाही मुदत असते

लो फॉडमॅपसारखे कडक पथ्य दोन ते सहा आठवड्यांचे असते. नंतर एकेक पदार्थ पुन्हा सुरू करून नेमके काय सोसत नाही ते शोधायचे असते. मोबाइलवर पाहून महिनोन्‌महिने सगळेच बंद केले, तर प्रथिने, लोह, कॅल्शियम कमी पडते आणि अशक्तपणा हाच नवा आजार होतो. आणखी एक महत्त्वाचे : सीलिअॅकची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडला, तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

वजन उतरणे, शौचातून रक्त, ताप, रक्त कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर बदललेली शौचाची सवय यांपैकी काहीही असेल, तर पथ्याचे प्रयोग थांबवून तपासणी करा. आपल्या भागात आतड्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. तो औषधांनी बरा होतो, पथ्याने नाही.

म्हणून मावशींना मी आधी तपासण्या लिहून दिल्या. आहारात ज्वारीची भाकरी, मुगाचे पातळ वरण आणि थोडे ताजे दही परत सुरू केले. लेकाला फोनवर एवढेच सांगितले, की यापुढे पाकीट पाठवण्याआधी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव.