मराठीचे दप्तर कोठे ठेवावे?
मराठी भाषा विभागाच्या सचिवांस खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.



३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून या भाषेच्या ग्रंथसंपत्तीच्या जतनाविषयी आणि प्रसाराविषयी पुष्कळ बोलले व लिहिले जात आहे. परंतु ती संपत्ती संगणकावर चढली म्हणजे प्रत्यक्षात कोणत्या शहरी, कोणत्या इमारतीत आणि कोणाच्या अखत्यारीत राहते, याचा विचार क्वचितच होताना दिसतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस बसून ज्याचा पाया घातला आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला, तो मराठी विश्वकोश आजचा विद्यार्थी मोबाइलवर वाचतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश अनुवादक पडद्यावरच चाळतो. भाषेचे दप्तर अशा रीतीने महाजालावर आले असता त्याचा सर्व्हर कोठे असावा, हा केवळ तंत्रज्ञांच्या सोयीचा प्रश्न राहत नाही, तो सार्वजनिक धोरणाचा होतो; आणि संकेतस्थळे उभारण्याच्या व्यवसायात असलेला एक मराठी वाचक या नात्याने तो आपल्यापुढे व लोकांपुढे एकदमच मांडावा, एवढ्यासाठी हे पत्र खुले लिहीत आहे.

या व्यवसायात वारंवार दिसून येते ते असे की, निविदेच्या मसुद्यात मुखपृष्ठाची रचना, चित्रांचे आकार, अक्षरवळण यांविषयी कलमांमागून कलमे असतात, मात्र सर्व्हरच्या ठिकाणाविषयी एक ओळही नसते. मग सर्वांत कमी दर भरणारा कंत्राटदार जे ठिकाण त्या महिन्यात स्वस्त मिळेल ते पत्करतो, मग ते अमेरिकेतील व्हर्जिनिया असो, जर्मनीतील फ्रँकफर्ट असो वा सिंगापूर असो. आणि ज्या संस्थेचा मजकूर तेथे गेला, तिला त्याची खबर पुष्कळदा पहिला मोठा बिघाड होईपर्यंत लागत नाही.

पहिला विचार अंतराचा. काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर या वेगाने धावतो, आणि हा वेग कितीही द्रव्य खर्च केले तरी वाढवता येत नाही. मुंबईपासून व्हर्जिनिया सरळ रेषेत सुमारे तेरा हजार किलोमीटर आहे; म्हणजे एका फेरीस, जाऊन-येऊन, निदान १३० मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्रातील तारांची वळणे व वाटेतील यंत्रे जमेस धरली तर प्रत्यक्षात हा काळ २०० च्या घरात जातो. सुरक्षित पान उघडण्यासाठी वाचकाच्या यंत्राला सर्व्हरशी आधी जोडणी करावी लागते, मग सांकेतिक किल्ल्यांची देवाणघेवाण, आणि त्यानंतर पानाची मागणी. अशा साधारणतः तीन फेऱ्या झाल्यावाचून पहिले अक्षर हाती येत नाही. तेव्हा नागपूरच्या वाचकाचा अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ केवळ प्रवासात जातो, आणि त्याच पानावरील चित्रे व अक्षरसंच निरनिराळ्या ठिकाणांहून येत असतील, तर प्रत्येक ठिकाणी हीच यातायात पुन्हा होते. तोच सर्व्हर मुंबईत किंवा पुण्यात असेल, तर एकेक फेरी काही दशक मिलिसेकंदांत आटोपते. ज्या जिल्ह्यांत मोबाइलचे जाळे आधीच क्षीण आहे, तेथील विद्यार्थ्याला हा फरक सर्वांत अधिक जाणवतो, आणि शासनाच्या भाषाकार्याचा मुख्य लाभार्थी तर तोच आहे.

परंतु केवळ नकाशावरचे सान्निध्य पुरेसे नाही. दोन निरनिराळ्या कंपन्यांची जाळी देशातच एकमेकांस मिळाली नाहीत, तर पुण्याहून पुण्यासच निघालेला संदेश परदेशाला वळसा घालून येतो. हा अपव्यय टाळावा म्हणूनच २००३ साली भारतीय राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज, म्हणजे निक्सी, ही संस्था स्थापन झाली. देशातील जाळ्यांचा मोठा संगम मुंबईत आहे, पश्चिमेकडील समुद्रतारा वर्सोव्याच्या किनाऱ्यास लागतात, आणि ऐरोली-महापे परिसरात मोठी डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. परदेशी कंपन्यांच्या सेवाही आता दूर राहिलेल्या नाहीत: मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत व २०२२ साली हैदराबादेत, आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपापली केंद्रे सुरू केली. शासनाच्या स्वतःच्या घरी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची डेटा सेंटरे पुणे, हैदराबाद, दिल्ली व भुवनेश्वर येथे आहेत. तेव्हा जवळ जागा मिळत नाही, ही सबब आता कोणालाही पुढे करता येणार नाही.

दूरचा सर्व्हर केवळ मंद नसतो, तो परस्वाधीनही असतो. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रातील तारा तुटल्या आणि भारतातील इंटरनेट सेवा कोलमडल्यासारखी झाली; सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दानजीक तांबड्या समुद्रातील तारा तुटल्या, तेव्हाही तिची झळ येथवर पोहोचली. साताऱ्यातील शिक्षकाला मराठी कोशातील एक नोंद पाहावयाची आहे, आणि ती इजिप्तच्या किनाऱ्यावरील दुर्घटनेमुळे उघडत नाही, अशी स्थिती आपणच ओढवून घेणे हे कोणत्याही कारभाराला शोभणारे नाही.

यावर परदेशस्थ मराठी माणसांचे काय, असा प्रश्न सहजच निघेल, आणि तो योग्यही आहे. १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ ज्यांना एकत्र आणीत आले त्या उत्तर अमेरिकेतील कुटुंबांची मुले, किंवा मॉरिशसमध्ये पिढ्यानुपिढ्या मराठीपण जपणारा समाज, हे आपलेच वाचक आहेत. परंतु त्यांच्यासाठी मूळ दप्तर परदेशी नेण्याचे प्रयोजन नाही. कोशातील नोंदी रोज बदलत नाहीत. अशा स्थिर पानांच्या प्रती सीडीएन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाळ्याच्या द्वारे न्यू जर्सीच्या वा लंडनच्या वाचकाजवळ ठेवता येतात, आणि मूळ मजकुराची मालकी व नियंत्रण येथेच राहते.

आता सर्वांत गंभीर विचार आपत्तीचा. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागली, वरचे मजले भस्मसात झाले, माणसे दगावली आणि असंख्य फायलींची राख झाली, हे आपल्या विभागास मी सांगावे असे नाही. त्यानंतर कागद सोडून संगणकाकडे वळण्याची घाई झाली ती योग्यच होती. पण संगणकही इमारतीतच असतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे डेटा सेंटर जळाले, आणि ज्यांची राखीव प्रतही त्याच आवारात होती त्यांचा मजकूर कायमचा गेला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्यांमुळे आग लागली, ६४७ सरकारी सेवा बंद पडल्या, आणि अधिकाऱ्यांच्या कामाचा ८५८ टेराबाइटांचा साठा, त्याची प्रत अन्यत्र नसल्यामुळे, नाहीसा झाला. घरचे सगळे बियाणे एकाच कणगीत भरणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याकडे कोणी शहाणा म्हणत नाही; मग एवढ्या प्रगत राष्ट्राकडून जी चूक झाली, ती आपल्याकडून होऊ नये म्हणून तजवीज नको काय?

म्हणून मूळ प्रत मुंबईत असेल तर दुसरी नवी मुंबईत ठेवून समाधान मानू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईसह ठाणे व नवी मुंबईचीही वीज एकाच वेळी गेली. एकच समुद्र, एकच पाऊस आणि एकच वीजवाहिनी ज्यांना लागू आहे, अशी दोन ठिकाणे आपत्तीच्या दृष्टीने एकच होत. दुसरी प्रत घाटापलीकडे, किनाऱ्यापासून दूर, हैदराबादसारख्या ठिकाणी असावी.

कायद्याचा विचारही सोडता येत नाही. सर्व्हर ज्या मुलखात, त्या मुलखाचा अंमल त्यावर चालतो. शिवाय अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यान्वये तेथील कंपनीला तिच्या कब्जातील माहिती, ती जगात कोठेही साठवलेली असली तरी, हजर करण्याचा हुकूम होऊ शकतो. प्रसिद्ध कोशांच्या बाबतीत गुप्ततेचा प्रश्न नाही. परंतु स्पर्धांतील विद्यार्थ्यांची नावे, लेखकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक हे आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणून ठिकाणासोबत मालकी कोणाची, आणि वाद उत्पन्न झाल्यास न्यायालय कोठले, हेही आधीच ठरले पाहिजे.

माझी आपणांस विनंती आहे की, आपल्या अधिपत्याखालील मंडळे, संचालनालय व संस्था यांच्या प्रत्येक संकेतस्थळाच्या निविदेत एक स्वतंत्र कलम असावे: मूळ सर्व्हर महाराष्ट्रात असेल, त्याचे शहर व चालक कंपनी लेखी नमूद असेल, राखीव प्रत निराळ्या प्रदेशात व शक्यतो निराळ्या चालकाकडे असेल, परदेशी वाचकांसाठी सीडीएनची तरतूद असेल, आणि संकेतस्थळाचे नाव व सर्व किल्ल्या कंत्राटदाराच्या नव्हे, तर संस्थेच्या नावावर असतील. त्याचबरोबर वर्षातून एकदा राखीव प्रतीवरून संपूर्ण संकेतस्थळ नव्याने उभे करून पाहावे व त्याचा अहवाल प्रसिद्ध करावा. कारण जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही.

यास लागणारा जादा खर्च एका कोशखंडाच्या संपादनास लागलेल्या वर्षांच्या परिश्रमापुढे अत्यल्प आहे. पुढील निविदा निघण्यापूर्वी हे कलम मसुद्यात यावे, आणि तोपर्यंत प्रत्येक संस्थेने आपला सर्व्हर आज कोठे आहे एवढे तरी लेखी कळवावे, असा आदेश आपण काढावा, ही आग्रहाची विनंती.



आपला विनीत,
एक मराठी वाचक