मासे बघायला एवढे पैसे?

‘फिजी? ते कुठे आलं? आणि तिथे जाऊन समुद्रात बुड्या मारायच्या? या वयात?’ गेले काही महिने हे प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की उत्तरं पाठ झालीत. पण या सगळ्यांच्या मागून हळूच जो प्रश्न येतो, तोच खरा. ‘मासे बघायला एवढे पैसे?’ आणि तो विचारणाऱ्यांत बायकाच जास्त, हे जरा लागतं.

एवढे म्हणजे किती, ते आधी सांगून टाकते. आम्ही तिघी मैत्रिणी, तिघीही पन्नाशी ओलांडलेल्या. माझ्या वहीतल्या हिशेबाप्रमाणे माणशी दोन लाखांच्या थोडं पुढे. रक्कम लहान नाहीच. पण दहा ग्रॅम सोन्याने २०२५ मध्ये लाखाचा टप्पा ओलांडला. म्हणजे दोन तोळ्यांच्या बांगड्या केल्या असत्या तरी एवढेच, किंबहुना जास्तच गेले असते, आणि कुणी अवाक्षर काढलं नसतं. उलट ‘घडणावळ किती पडली?’ म्हणून कौतुकाने विचारलं असतं! बांगड्या लॉकरमध्ये राहतात, समुद्र पाहून झाला की संपला, हा त्यातला युक्तिवाद. मला तो पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की भाजीवालीशी घासाघीस करण्यापासून लग्नाच्या याद्या जुळवण्यापर्यंत काटकसरीचं सगळं शिक्षण आपण दुसऱ्यांसाठी वापरलंय. ते एकदा स्वतःसाठी वापरून बघायला काय हरकत आहे? शिवाय स्कूबाच्या सहलीत नेमकं हेच ज्ञान लागतं. कुठे पैसा वाचवायचा आणि कुठे अजिबात नाही, हे कळणं.

आता बेट कसं निवडलं ते. पॅसिफिकमधलं पलाऊ डायव्हर मंडळींचं लाडकं, पण तिथे तिकिटातच शंभर अमेरिकन डॉलर पर्यावरण शुल्क, वर प्रसिद्ध जागांचे परवाने वेगळे. ताहिती, बोराबोरा फ्रान्सच्या अखत्यारीत, म्हणजे व्हिसाची कागदपत्रं आली. फिजीला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट मात्र हवं. सिंगापूरहून थेट विमान आहे. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, म्हणून तिकीट स्वस्त दिसलं तरी आम्ही तो रस्ता सोडला. उतरायचं गाव लिहिताना ‘नाडी’ दिसतं, पण उच्चार ‘नांदी’. सहलीची सुरुवात याहून चांगली काय हवी?

अंदमान का नाही, असंही विचारतात. अंदमान जरूर करा, आधी तेच करा. मग पॅसिफिकच का? फिजीतल्या सामुद्रधुन्यांतून जोरात वाहणाऱ्या प्रवाहांमुळे तिथे मऊ प्रवाळ विलक्षण फुलतात. तावेउनी बेटाजवळ एका कड्यावर तर पांढऱ्या प्रवाळाची भिंतच आहे, आणि प्रवाह वाहता असला की ती फुलते. हे एक कारण. दुसरं कारण, मला जावंसं वाटतं. ते पुरेसं का असू नये?

तावेउनीला मात्र आम्ही जाणार नाही. छोट्या विमानाचं भाडं वाढतं, बोटीने जायचं तर वेळापत्रक सांभाळण्यात दिवस जातात. आणि ती पांढरी भिंत पहिल्या कोर्सच्या अठरा मीटरच्या मर्यादेत नीट बघताही येत नाही. हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू! त्याऐवजी मुख्य बेटावरच, विटी लेवूवर, उत्तरेच्या टोकाला राकिराकी ठरवलं. नांदीहून लौतोका, तिथून बा, तावुआ करत साध्या एसटीसारख्या बसने पोचता येतं. समोर ब्लाय वॉटर. ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडानंतर १७८९ मध्ये कॅप्टन ब्लाय उघड्या होडीतून इथूनच गेला होता. डायव्हिंग उत्तम आणि विमानभाडं वाचलं.

राकिराकीच्या वाटेवर उसाची शेतं लागतात. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदुस्थानी मजूर करारावर, म्हणजे ‘गिरमिटा’वर, याच उसासाठी फिजीत नेले गेले. त्यांच्या वंशजांची फिजी हिंदी आपल्याला बऱ्यापैकी कळते. बाजारात भाजी गुंडाळलेली रोटी मिळते, डाळ-भात मिळतो, म्हणजे शाकाहारी मैत्रिणीचीही सोय झाली. मूळच्या फिजीयन लोकांचा ‘रोरो’ म्हणजे तर नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. आपल्या फतफत्याची चुलत बहीणच! हॉटेलातल्या जेवणाचं पॅकेज न घेता असं खाल्लं की खर्च खूप उतरतो. गावात जायचं तर मुखियासाठी यंगोनाची मुळं भेट न्यायची, खांदे-गुडघे झाकायचे, डोक्यावर टोपी ठेवायची नाही.

वहीतले आकडे असे. एका फिजी डॉलरचे मी ३८ ते ४० रुपये धरलेत. दोन बुड्यांच्या एका फेरीला साधारण तीनशे डॉलर, अशा चार फेऱ्या. दहा रात्री खोली तिघींत वाटून, खाणं, बस मिळून आणखी बारा-तेराशे. हे झाले लाखाच्या आत. उरलेलं विमानाचं तिकीट आणि विमा. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा मोसम (फेब्रुवारी २०१६ मधल्या ‘विन्स्टन’ने राकिराकीची दैना केली होती), आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शाळांना सुट्ट्या लागल्या की भाव चढतात. म्हणून मे महिना. ‘मे महिन्यात? लोणच्याचं काय?’ असं जाऊबाईंनी विचारलंच!

कोर्स मात्र इथेच करायचा. तिथे केला तर महाग, वर सहलीचे तीन-चार दिवस त्यातच जातात. मालवणला प्रशिक्षकाने हात धरून दहा-पंधरा मिनिटं मासे दाखवले, म्हणजे कोर्स झाला असं नव्हे. तारकर्ली, गोवा, अंदमान इथे रीतसर ‘ओपन वॉटर’ कोर्स होतो. त्यासाठी दोनशे मीटर पोहता आणि दहा मिनिटं पाण्यावर राहता आलं पाहिजे. इथेच आपली गाडी अडते, कारण आपल्यातल्या किती जणींना पोहायला शिकवलं होतं? पण तलावावरच्या महिलांच्या बॅचची फी काही लाखात नसते. कपड्यांची लाज वाटते? वेटसूट मनगटापासून घोट्यापर्यंत झाकतो, साडीत पोट दिसतं त्याहून कमीच दिसतं! पाळीमुळे शार्क येतात या भीतीलाही कुठला पुरावा नाही. गरोदरपणी मात्र बुडी नाही म्हणजे नाही.

साहित्य भाड्याने घ्यावं. मास्क तेवढा स्वतःचा, चेहऱ्याला चपखल बसणारा. चाळीशीचा चष्मा असेल तर नंबरची काच विचारा, नाहीतर हातातला मीटर वाचता येत नाही.

काटकसर संपते ती विम्यापाशी. नेहमीच्या प्रवास-विम्यात स्कूबा पुष्कळदा धरलेलं नसतं, किंवा खोलीची अट असते. ते बारीक अक्षर वाचा आणि डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या. सगळ्यात स्वस्त बोटही घेऊ नका. बोटीवर ऑक्सिजन आहे का, एका गाइडमागे किती जण, हे आधी लिहून विचारा. उत्तर टाळलं तर दुसरी बोट बघा.

आणि तो वैद्यकीय फॉर्म. आमच्यातली एक दम्यासाठी पंप वापरते. ‘नाही’वर खूण करून टाकते, कोणाला कळणार, असं ती म्हणाली. त्यावर आमचं चांगलंच वाजलं. घरातल्या प्रत्येकाच्या खोकल्यासाठी डॉक्टर गाठणारी बाई स्वतःचा दमा लपवते, तेही इतरांची सहल बिघडू नये म्हणून! दाबाखालची हवा फुप्फुसात अडकली तर वर येताना ती प्रसरण पावते, जिवावर बेतू शकतं. ती आता छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करून घेतेय. ते ‘नको’ म्हणाले, तर ती आमच्याच बोटीतून येईल आणि वरून स्नॉर्कल लावून बघेल. उथळ पाण्यातही प्रवाळ पुष्कळ आहे.

शेवटचा दिवस आम्ही कोरडा ठेवलाय. लागोपाठ बुड्या मारल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं. त्या दिवशी नांदीतलं शिवसुब्रमण्य मंदिर, लौतोकाचा बाजार, आणि जमलं तर रोरोची कृती विचारून यायची.