एकाच किनाऱ्यावर सहा दिवस

गेल्या हिवाळ्यात आम्ही लेकीला घेऊन राजस्थानात गेलो होतो. सात दिवस, चार शहरं. चौथ्या दिवशी जोधपूरला सकाळी उठल्या उठल्या तिनं माझ्या हातातला फ्रॉक ओढून घेतला आणि रडत म्हणाली, ‘आज बॅग नको भरू.’ तेव्हा ती तीन वर्षांची होती. ग्रीसला जाण्यासाठी आम्ही लग्नापासून पैसे साठवत होतो. यंदा तो बेत ठरवायला बसले आणि तिचं तेच वाक्य सारखं आठवत राहिलं. एक बेट, एक खोली, सहा दिवस, एवढं मी आधीच पक्कं केलं. बेट कुठलं, ते नंतर.

ज्याला त्याला सँटोरिनीच सुचत होतं. ते सुंदर आहेच. पण ते आहे ज्वालामुखीच्या मुखाच्या काठावर. गावं उंच कड्यावर, समुद्र खूप खाली आणि मधे पायऱ्याच पायऱ्या. तिथल्या प्रसिद्ध किनाऱ्यांवरची काळी वाळू दुपारी पाय ठेवू देत नाही. क्रीटचा मोह मला पुष्कळ दिवस होता, पण पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटरांहून लांब बेट म्हटल्यावर आपण रोज गाडी काढणार, हे मला माझ्या स्वभावावरून ठाऊक होतं. ग्रीसबाहेरच्या माल्टाचाही विचार केला, पण तिथला किनारा बराचसा खडकाळ. मेलीहासारखे उथळ वाळूचे किनारे तिथे मोजकेच. शेवटी नकाशे बाजूला ठेवून मी एकच गोष्ट शोधत गेले: साडेतीन वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याएवढं पाणी किती दूरपर्यंत मिळतं?

त्याचं उत्तर नॅक्सॉसवर मिळालं. सायक्लाडीझ बेटांतलं हे सर्वांत मोठं बेट. त्याच्या मुख्य गावाला लागूनच आयोस योर्गोसचा किनारा आहे. गावातून चालत दहा मिनिटं. तळाला बारीक वाळू आणि पाणी इतकं उथळ की मोठ्या माणसाला कमरेपर्यंत भिजायला बरंच आत जावं लागतं.

आपल्याकडे सहलीचा विचार मे महिन्यात होतो, म्हणून वेळेबद्दल सांगते. मे महिन्यात तिथे ऊन छान असतं, पण समुद्र थंड, जेमतेम एकोणीस-वीस अंश. मूल दोन मिनिटांत ओठ निळे करून बाहेर येणार. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, कधी कधी दिवसेंदिवस, आणि वाळू डोळ्यांत जाते. सप्टेंबरात वारा मंदावतो आणि उन्हाळाभर तापलेलं पाणी चोवीसेक अंशांवर टिकून असतं. आम्ही अनंत चतुर्दशी झाल्यावर निघालो. व्हिसाचं म्हणाल तर मोठ्यांना शेंगेनचं शुल्क ९० युरो, सहा वर्षांखालच्या मुलांना शून्य. व्हिसा केंद्राचा सेवाआकार तेवढा वेगळा.

पिरेअस बंदरातून वेगवान बोट लवकर पोचवते, पण आम्ही मुद्दाम मोठी, संथ बोट घेतली. पाच तासांच्या वर लागतात. मोठ्या बोटीला लाटांचे हिसके कमी लागतात, शिवाय डेकवर मुलाला धावता येतं. लेक वाटेतलं पारोस बेट येईपर्यंत धावली आणि मग माझ्या मांडीवर झोपली.

पहिल्या संध्याकाळी तिनं वाळूचा किल्ला केला आणि निघताना हिरमुसली. दापोलीजवळच्या मुरुडला तिनं पाहिलं होतं, भरती आली की किल्ला सपाट. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर किल्ला जागच्या जागी! भूमध्य समुद्र जवळजवळ चारी बाजूंनी बंद, त्यामुळे त्याचाच भाग असलेल्या इथल्या एजियन समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. ‘पाणी आलंच नाही?’ तिनं दोनदा विचारलं. मग तिनं कालच्या भिंतीपुढे नवी भिंत घातली. असे सहा दिवस. रोज तोच किनारा, तीच जागा, तोच किल्ला थोडा मोठा. इतकी गुंतलेली मी तिला कुठल्याच सहलीत पाहिली नव्हती. नव्याची हौस आपली असते. तिला कालचं आज पुन्हा हवं होतं.

दुपार तर जणू तिच्यासाठीच राखलेली. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात तीन ते साडेपाच ही कायद्यानंच शांततेची वेळ. गाव वामकुक्षी घेतं, मूल झोपतं, आपणही पडतो. त्याचं फळ रात्री मिळतं. नऊ वाजताही तावेर्नांत, म्हणजे तिथल्या खानावळींत, सगळी लहान मुलं जागी, टेबलांमधून पळापळी करतात आणि कुणी कपाळाला आठी घालत नाही. आमच्या तावेर्नातल्या आजी लेकीला ‘कुक्ला’ म्हणायच्या, म्हणजे बाहुली. मला दर वेळी त्यात आपलं ‘कुकुलं’ ऐकू यायचं.

खाण्याची चिंता तर पहिल्याच जेवणात मिटली. उंच डोंगरांमुळे नॅक्सॉसला पाणी आहे, शेती आहे. तिथला बटाटा ग्रीसभर नावाजलेला. त्याचे तळलेले काप, दही-मध आणि गायीच्या दुधाचं ग्राविएरा चीज यांवर लेक खूश. नवरा शाकाहारी. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास पुष्कळ असल्यानं तेलात शिजवलेल्या भाज्या आणि टोमॅटोतले टपोरे पांढरे घेवडे त्याला रोज मिळाले.

स्थळं आम्ही फारशी पाहिली नाहीत. डोंगरातलं संगमरवरी आपिरांथोस राहिलं, झास शिखरही राहिलं. कास्त्रोच्या, म्हणजे गावातल्या जुन्या किल्ल्याच्या, गल्ल्यांत बाबागाडी चालत नाही, म्हणून तिथून अर्ध्यातूनच परतलो. पोर्तारा मात्र रोज संध्याकाळी गाठलं. बंदरालगतच्या टेकाडावर सहाएक मीटर उंच संगमरवरी चौकट उभी आहे. इसवी सनपूर्व ५३० च्या सुमारास लिग्दामिस नावाच्या सत्ताधीशानं देऊळ बांधायला घेतलं, त्याची सत्ता गेली आणि काम थांबलं. पुढे व्हेनिसच्या लोकांनी इथले दगड गावातल्या बांधकामांना नेले. चौकट तेवढी उरली.

‘घर कुठंय?’ लेकीनं विचारलं.

‘बांधायचं राहिलं.’

‘मग उद्या बांधतील,’ ती म्हणाली आणि चौकटीजवळच्या दगडांशी खेळायला गेली.

शेवटच्या सकाळी बोटीला तासभर होता. किल्ल्यापाशी एक सोनेरी केसांचा मुलगा उकिडवा बसला होता. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. लेकीनं आधी त्याला खंदक दाखवला, मग कुठल्या बाजूची वाळू ओली असते ते, आणि निघताना फावडं त्याच्या हातात दिलं. बादली मात्र तिनं बॅगेत स्वतः भरली.