पदवीचं नंतर बघू, आधी वॉर्ड बघून या

अमेरिकेतल्या मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. विचारणारी बहुधा पस्तिशी-चाळिशीतली असते, पुण्यानाशकातून बी.ई., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. करून आलेली. काही वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरात गेलेली असतात, नाहीतर आयटीतली नोकरी कपातीत गेलेली असते. मुलं शाळेत जायला लागलेली असतात. "आता नर्सिंग करावं म्हणते. दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी एक डायरेक्ट एन्ट्री मास्टर्स असतं ना, ते करू का?" मी इथे हॉस्पिटलात नर्स आहे, म्हणून हे फोन माझ्याकडे येतात. पुरुषही विचारतात, पण बहुतेकदा ‘एका मित्रासाठी’!

माझं उत्तर ऐकून समोरची व्यक्ती जरा हिरमुसते. नर्सिंग जरूर करा, पण मास्टर्सचा विषय सगळ्यात शेवटी काढा.

का ते सांगते. रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आर.एन., व्हायला इथे परीक्षा एकच, एनक्लेक्स. कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतलेली मुलगी, दुसऱ्या विषयातल्या पदवीनंतर वर्ष-दीड वर्षात बी.एस.एन., म्हणजे नर्सिंगची बॅचलर्स, उरकलेला गृहस्थ आणि नामांकित विद्यापीठातून मास्टर्स केलेली बाई, तिघंही हीच परीक्षा देतात. ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, आणि तुमच्या उत्तराप्रमाणे संगणक पुढचा प्रश्न सोपा-अवघड करत जातो. पास झाल्यावर तिघांच्या हातात पडणारा परवानाही सारखाच, आणि पहिल्या दिवशी वॉर्डात तिघंही तितकेच नवखे. मास्टर्स झालंय म्हणून खाटेपाशी काम करणाऱ्या नर्सला पगार फारसा वाढवून मिळत नाही.

दुसरा गैरसमज याहून महागाचा आहे. मास्टर्स केलं की आपण नर्स प्रॅक्टिशनर होणार, रुग्ण तपासून औषधं लिहून देणार, असं अनेकींना वाटतं. येल विद्यापीठाने १९७४ मध्ये दुसऱ्या विषयांच्या पदवीधरांसाठी जो तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात आधी आर.एन. आणि मग पुढचं विशेष शिक्षण असे दोन टप्पे एकत्र जोडलेले होते. पण आजचे बरेचसे अभ्यासक्रम तसे नाहीत. कोलंबिया विद्यापीठातल्या पंधरा महिन्यांच्या मास्टर्सनंतर तुम्ही आर.एन. होऊन बाहेर पडता. शिकागोतल्या डीपॉल आणि रश इथल्या अशा मास्टर्सचंही तेच. प्रॅक्टिशनर व्हायचं तर पुढे पुन्हा शिक्षण, पुन्हा परीक्षा. प्रवेश घेण्याआधी एवढं एक वाक्य लेखी विचारून घ्या: हा कोर्स संपल्यावर मी कोणत्या परवान्याच्या परीक्षेला बसू शकेन?

मग मास्टर्स कुणी करावं? जिला पुढे शिकवायचंय किंवा प्रॅक्टिशनरच व्हायचंय, तिला ते पुढे उपयोगी पडतं. काही हॉस्पिटलं असोसिएट पदवीवाल्यांना दारातच थांबवतात. न्यूयॉर्क राज्यात तर २०१७ च्या कायद्याने असोसिएटवाल्या नव्या नर्सना दहा वर्षांत बॅचलर्स करावंच लागतं. पण याला वेगवान बी.एस.एन.सुद्धा पुरतं. खासगी विद्यापीठातलं मास्टर्स लाख डॉलरच्या पुढे जाऊ शकतं, कम्युनिटी कॉलेजात त्याच्या लहानशा तुकड्यात भागतं. कर्जाचं म्हणाल तर सरकारी कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, नाही. शिवाय खर्चाइतकं कर्ज देणारी ग्रॅड प्लस योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करणारा कायदा २०२५ मध्ये झाला. आर.एन.चा मध्यम पगार मे २०२४ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे वर्षाला ९३,६०० डॉलर आहे. हा आकडा आणि फीचा आकडा एकाच कागदावर लिहून बघा, अख्खं घर बसून बघा.

आता व्हिसा. हा भाग रूक्ष आहे, पण इथे फसगत झाली तर सगळंच अडतं. एच-४ वर शिकता येतं, परीक्षाही देता येते. पगार घ्यायचा तर वर्क परमिट हवं. ते २०१५ पासून मिळतं, पण मुख्यतः नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ग्रीन कार्डासाठीची आय-१४० याचिका मंजूर झालेली असेल तर. नूतनीकरणाचा अर्ज अडकला तरी काम चालू ठेवू देणारी आपोआपची मुदतवाढ ऑक्टोबर २०२५ अखेर बंद झाली, म्हणजे जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर शिफ्ट सोडून घरी बसायचं. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकलात तर नंतर एक वर्ष काम करायची परवानगी मिळते. आयटीवाल्यांना पुढे मिळणारी दोन वर्षं नर्सिंगला धरू नका. वॉर्डातल्या साध्या नर्सला एच-१बी सहसा मिळत नाही. नर्स हा ‘शेड्यूल ए’ मधला, म्हणजे तुटवड्याचा पेशा आहे, त्यामुळे ग्रीन कार्डाची एक पायरी वाचते, पण भारतीयांची रांग वाचत नाही. फी भरण्याआधी तासाभराचे पैसे मोजून इमिग्रेशन वकिलाशी बोला. मैत्रिणीच्या नणंदेचं काय झालं यावर जाऊ नका.

कागदपत्रांतही एक अडचण खास आपली. आपली बी.एस्सी., बी.कॉम. तीन वर्षांची. काही विद्यापीठं ती इथल्या चार वर्षांच्या पदवीबरोबर धरत नाहीत. वर एम.एस्सी. झालेलं असेल तर बहुधा निभावतं. डब्ल्यू.ई.एस.सारख्या संस्थेकडून एकेका विषयाचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी भारतातल्या विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रकं मागवावी लागतात. त्याला किती महिने लागतील हे ज्यांनी तिथल्या खिडकीसमोर उभं राहून पाहिलंय त्यांना सांगायला नको. शिवाय अ‍ॅनाटमी-फिजिओलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स हे विषय जवळजवळ सगळीकडे आधी पूर्ण हवेत, शास्त्राचे प्रयोगशाळेसह. वीस वर्षांपूर्वी केलेली मायक्रोबायोलॉजी चालेलच असं नाही, अनेक ठिकाणी पाच-सात वर्षांची मुदत असते. हे विषय कम्युनिटी कॉलेजात करा. तिथेच कळेल, बाळंतपणानंतर पुस्तक धरलेलं डोकं कितपत चालतंय ते. बहुतेकींचं झकास चालतं.

पण हे सगळं करायच्या आधी वॉर्ड बघा. त्यासाठी सोपा मार्ग म्हणजे सी.एन.ए., नर्सच्या हाताखालच्या सहायकाचं प्रशिक्षण. केंद्राच्या नियमाने ते किमान ७५ तासांचं असतं, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत जास्त. काही आठवड्यांत होतं आणि वर्क परमिट असेल तर पगारही मिळतो. नसेल तर हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून जा. काय दिसेल ते सांगते.

सकाळी सातला रात्रपाळीची नर्स तुमच्या हाती रुग्ण सोपवते. कॅलिफोर्नियात कायद्याने साध्या वॉर्डात एका नर्सला पाचाहून जास्त रुग्ण देता येत नाहीत, इतरत्र सहा-सातही होतात. नऊच्या औषधांसाठी प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, मग गोळीचा कोड, मग गोळी. तिसऱ्या रुग्णाशी पोहोचता तोवर पहिल्याने अंथरूण खराब केलेलं असतं. तुम्ही आणि सहायक मिळून त्याला कुशीवर वळवता, पुसता, कंबरेखालची कातडी लाल झालीय का ते बघता, मलम लावता, चादर बदलता. हे करताना त्याच्याशी बेसबॉलबद्दल बोलायचं असतं, म्हणजे त्याला लाज वाटत नाही. बारा तासांच्या अशा तीन पाळ्या आठवड्याला, आणि नवीन असताना बहुधा रात्रीच्या. दिवाळीच्या दिवशी सुट्टी मिळेलच असं नाही.

यातलं किळस वाटण्यासारखं जे, त्याची आठवड्याभरात सवय होते. जास्त वेळ लागतो तो फोनची सवय व्हायला. पहाटे तीनला रुग्णाचा रक्तदाब घसरतो आणि डॉक्टरला उठवायचं असतं. आपण मराठी माणसं फोनवर आधी ख्यालीखुशाली, मग दिलगिरी, मग प्रस्तावना करतो. इथे चार वाक्यांत सांगायचं: काय झालंय, रुग्ण कोण, मला काय वाटतं, मला काय हवंय. ‘मला काय वाटतं’ हे तिसरं वाक्य शिकायला आपल्या बायकांना सगळ्यात जड जातं असं माझं निरीक्षण आहे. आपल्याला कुणी ते विचारलेलंच नसतं.

"एम.एस्सी. होऊन बेडपॅन उचलणार का?" हा प्रश्न भारतातून फोनवर येईल, बहुधा सासूबाईंचा किंवा आईचा. हो म्हणून सांगा. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि पुढे तिथल्या बायका ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला गेल्या. त्यांत घरात कोपऱ्यात बसवलेल्या विधवाही होत्या. त्या वेळच्या पुण्यात लोक काय बोलले असतील याची कल्पना करा आणि फोन ठेवून द्या.

वॉर्ड बघूनही मन तयार असेल, तर तुमच्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर जा. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी आणि प्रत्येक ठिकाणचे किती विद्यार्थी एनक्लेक्स पहिल्या फेरीत पास झाले, हे बहुतेक राज्यांत तिथे मिळतं. कॉलेजच्या माहितीपुस्तकातली हसरी छायाचित्रं त्यानंतर बघा. सी.सी.एन.ई. किंवा ए.सी.ई.एन. यांसारख्या मूल्यांकन संस्थेची मान्यता नसेल तर पुढचं शिक्षण आणि चांगल्या हॉस्पिटलातली नोकरी दोन्ही अडू शकतात, म्हणून तिकडे फिरकू नका. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ही राज्यं परवान्याच्या आंतरराज्य करारात नाहीत. नवऱ्याची बदली होण्याची शक्यता असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

प्रवेश मिळाल्यावर क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाच्या, आधी लसींचे पुरावे आणि क्षयाची तपासणी मागतील. लहानपणी दंडावर बीसीजी टोचलेली असल्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणींची कातडीवरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येते, मग छातीचा एक्स-रे, खुलासे आणि वाया गेलेले आठवडे. तेव्हा दंडावरची ती खूण दाखवा आणि पहिल्यांदाच रक्ताची चाचणी मागा.