कार्य झालं, मांडव उतरवा!

स्टेडियम म्हटलं की आपण आधी विचारतो, "किती सीट्स?" माझ्या मते पहिला प्रश्न हवा, "स्पर्धा संपल्यावर काय?"

२००४ च्या ऑलिंपिकसाठी अथेन्सच्या जुन्या हेलिनिको विमानतळावर हॉकी, सॉफ्टबॉलची स्टेडियम्स बांधली. पुढे वर्षानुवर्षं तिथे गवत माजलं. लंडनने २०१२ च्या ऑलिंपिकमधल्या बास्केटबॉलसाठी १२,००० सीट्सचा हॉल उभारला, तोच मुळी उतरवण्यासाठी! स्टीलचा सांगाडा, वर पांढरं पीव्हीसी कापड. २०१३ मध्ये सगळं सुटं करून जागा मोकळी. कॉपर बॉक्स हॉल मात्र मुद्दाम ठेवला, आता तिथे सामान्य लोक खेळतात.

आपण लोड काढतो, कॉस्ट काढतो, "नंतर काय?" हे कुठल्याच ड्रॉइंगवर नसतं. ते असायलाच हवं. रिकाम्या स्टेडियमचं बिल शेवटी लोकांच्याच खिशातून जातं ना!