घड्याळ ताण मोजेल, पण कारण कोण सांगणार?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे आदळली, तर त्याची थरथर इथे टिपली जाईल. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण याच जिल्ह्यात कर्जाने खचलेल्या शेतमजुराच्या, शिष्यवृत्तीचा हप्ता लांबल्याने खोलीभाडे थकलेल्या पोराच्या छातीतली धडधड कोण टिपणार?

यावर आता उत्तर मिळते ते मनगटावरच्या घड्याळाचे. ताणात घाम सुटतो आणि त्वचेतून वीज सहज वाहते. हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरातला नैसर्गिक चढउतार कमी होतो. सेन्सर हे टिपतो आणि संगणक सांगतो, हा माणूस तणावात आहे. हे विज्ञान खोटे नाही. आमचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला प्रश्न : मोजमाप कोणावर बेतले? या संशोधनात सर्रास वापरला जाणारा 'वेसॅड' हा माहितीसंच २०१८ चा. त्यात माणसे १५ : पुरुष १२, स्त्रिया ३. त्यांना ताण दिला तो लोकांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणित सोडवायला लावून. आडनाव ऐकून खोली नाकारली जाते, तो ताण यात कुठे आहे? प्रकाशाने रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्र कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा सुमारे तिप्पट वेळा चुकते, हे अमेरिकेत २०२० मध्ये दिसून आलेच आहे.

दुसरा प्रश्न : माहिती कोणाच्या हाती? नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. ती घड्याळे माणूस कुठे आहे ते सांगतात. तो कशात उभा आहे ते सांगत नाहीत. उद्या त्यात ताणही मोजला गेला, तर मुकादम कामाचे तास कमी करील, की 'हा कामाला नालायक' असा शेरा मारील?

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. रोहित वेमुलाला वसतिगृहातून काढले होते, त्याची फेलोशिप थांबली होती. हे सगळे कागदावर होतेच. धोका ओळखायला सेन्सर लागत नव्हता. कागद वाचून हलणारी व्यवस्था लागत होती. जातीने दिलेला ताण 'तुझ्या मनाचा आजार' म्हणून आमच्याच माथी मारला जाणार असेल, तर ते घड्याळ व्यवस्थेला सोडून पीडितालाच आरोपी करील.

बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, ही भूमिका त्यांनी १९४५ मध्येच गांधीवादाचा समाचार घेताना मांडली. म्हणून आम्ही घड्याळ फेकून द्या म्हणत नाही. आमची मागणी सरळ आहे : घड्याळ सक्तीचे नको, त्यातली माहिती ज्याची त्याच्याच मालकीची, आणि प्रत्येक तालुक्याला जात समजणारा समुपदेशक. मानसिक उपचार हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, उपकार नव्हे.

आणि मित्रहो, तोवर एकमेकांची नाडी आपणच धरायची आहे. वसतिगृहातला सोबती गप्प झाला असेल, तर आज त्याच्या शेजारी बसा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक विहाराच्या भिंतीवर लिहा. कारण माणसाचे दुःख ऐकायला आधी माणूसच लागतो.

जय भीम!