नजर खाली गेली म्हणजे माणूस खोटं बोलला?



सध्या मोबाईलवर एका प्रकारचे व्हिडिओ भरपूर फिरतात. 'समोरचा खोटं बोलतोय हे ओळखण्याच्या सात खुणा!' नाकाला हात लावला, खोटं. नजर चुकवली, खोटं. ओठ चाटले, घाम पुसला, पाय हलवला, उजवीकडे वर पाहिलं, तर खोटंच. मग हे ज्ञान घेऊन लोक नवऱ्यावर, सुनेवर, मुलांवर आणि घरकामाच्या मावशींवर प्रयोग करू लागतात. दवाखान्यातही रुग्णाच्या मागे उभे राहून नातेवाईक मला खुणावतात, "डॉक्टर, बघा, तुमच्याकडे न बघता बोलतोय. नक्की पितोय."

मी स्पष्टच लिहितो. देहबोलीवरून खोटं पकडण्याची ही विद्या म्हणजे विद्या नाहीच. ती शिकवणारे तुमची फसवणूक करतात आणि ती वापरणारे बहुधा निर्दोष माणसाला छळतात.

शरीरात नेमकं काय होतं?

माणूस घाबरला, लाजला, रागावला किंवा दुखण्याने हैराण झाला की मेंदू सिम्पथेटिक मज्जासंस्थेला जागं करतो. ॲड्रेनॅलिन वाढतं. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात. या यंत्रणेला धोका कळतो, धोक्याचं कारण कळत नाही. दारातला कुत्रा चोराला भुंकतो आणि पोस्टमनलाही भुंकतो. नुसत्या भुंकण्यावरून बाहेर कोण आहे हे सांगता येत नाही.

याचं रोजचं उदाहरण माझ्या टेबलावरच आहे. कित्येकांचं बीपी घरी नीट असतं आणि डॉक्टरांसमोर बसलं की वाढतं. याला आम्ही 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' म्हणतो. ज्याने काहीही लपवलेलं नाही त्याचं बीपी नुसत्या माझ्या पांढऱ्या कोटाने वाढत असेल, तर पोलीस ठाण्यात, साहेबांच्या केबिनमध्ये किंवा रागावलेल्या सासऱ्यांसमोर त्याच्या शरीराचं काय होत असेल?

या खुणांची इतर कारणं

व्हिडिओत दाखवतात त्या बहुतेक खुणा मी रोज आजार म्हणून पाहतो.

- थायरॉइड वाढलेल्या माणसाचे हात थरथरतात, घाम येतो, तो भरभर बोलतो.
- मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदम उतरली की घाम फुटतो आणि उत्तरं विसंगत होतात.
- ॲलर्जीची सर्दी असलेलं मूल सतत नाक चोळतं.
- सर्दीच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. मग माणूस ओठ चाटतो, आवंढा गिळतो.
- उलटी थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधाने काहींना एका जागी बसवत नाही, पाय हलत राहतात.
- पार्किन्सनमध्ये चेहरा मुखवट्यासारखा होतो, पापण्या कमी लवतात.
- नैराश्यातला माणूस खाली बघून, थांबत थांबत बोलतो.
- ऑटिझम असलेल्या अनेकांना नजरेला नजर देणं त्रासदायक वाटतं.

उलटही खरं आहे. प्रोप्रानोलॉल घेतलेल्या माणसाचे हात थरथरत नाहीत, नाडीही संथ राहते. तो धादांत खोटं बोलला तरी व्हिडिओवाल्यांना साधुपुरुष वाटेल.

नजरेचं तर विचारूच नका

खोटं बोलणारा कसा ओळखता, असं संशोधकांनी ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं. सर्वाधिक मिळालेलं उत्तर होतं : तो नजर टाळतो. समजूत जगभर आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही.

आपल्याकडे तर आणखी गंमत. मोठ्यांशी बोलताना 'डोळे वर करून बोलू नकोस' असं आपणच मुलांना शिकवतो. सुनेने सासऱ्यांकडे थेट पाहिलं तर ती उद्धट ठरते. आणि काही हरवलं की त्याच मुलाला, त्याच सुनेला आपण दरडावतो, 'माझ्या डोळ्यांत बघून सांग!' बघितलं तर निर्लज्ज, नाही बघितलं तर चोर.

'उजवीकडे वर बघितलं की खोटं' हा दावा २०१२ साली ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. डोळ्यांची दिशा आणि खोटं बोलणं यांचा संबंध आढळला नाही.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतले चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यांत परीक्षक म्हणून भाग घेतलेले लोक होते २४,४८३. खरं की खोटं ओळखण्यात ते सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के आलेच असते. खोट्या विधानांपैकी फक्त ४७ टक्के त्यांना खोटी म्हणून ओळखता आली. 'पण पोलिसांना, मानसोपचारतज्ज्ञांना कळत असेल ना?' याच हिशेबात व्यावसायिक लोकही सामान्यांपेक्षा सरस ठरले नाहीत.

अमेरिकेच्या विमानतळांवर तर प्रवाशांच्या हावभावांवरून धोकादायक माणूस हेरण्यासाठी खास अधिकारी नेमले होते. २००७ पासून त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ साली तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने पुरावे तपासून या कार्यक्रमाचा निधी मर्यादित ठेवण्याची शिफारस केली. एवढ्या पैशांत जे साधलं नाही ते तीस सेकंदांच्या रीलमध्ये तुम्हाला फुकट शिकवतात!

सुश्रुतांनी पुढचं वाक्यही लिहिलं होतं

'हे तर आपल्या प्राचीन ग्रंथांतच आहे' असं सांगणारेही भेटतात. आहे, खरंच आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात राजाला विष देणाऱ्याची लक्षणं दिली आहेत : विचारलं तर उत्तर देत नाही, बोलताना गोंधळतो, बोटं मोडतो, जमीन खरवडतो, उगाच हसतो. यादी आजच्या रीलसारखीच आहे. पण सुश्रुतसंहिता लगेच बजावते, की राजाच्या भीतीने किंवा त्याच्या हुकुमाच्या घाईने निर्दोष माणसंही अशीच वागतात. याज्ञवल्क्यस्मृतीत खोट्या साक्षीदाराची अशीच लक्षणं आहेत. त्यावर मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर म्हणतात, की यावरून फक्त शंका घेता येते, दोष ठरवता येत नाही. कारण स्वाभाविक विकार कोणता आणि प्रसंगामुळे आलेला कोणता हे ओळखणं कठीण असतं. व्हिडिओवाल्यांनी यादी घेतली आणि इशारा टाकून दिला.

"पण डॉक्टर, आईला लगेच कळतं!"

कळतं, पण चेहऱ्यावरून कमी आणि माहितीवरून जास्त. क्लासला सुट्टी होती हे तिला शेजारणीने सांगितलेलं असतं. खऱ्या आयुष्यात खोटं बहुधा नंतर उघडं पडतं : दुसऱ्या कुणाकडून, हाती लागलेल्या पुराव्यावरून किंवा कबुलीने. शिवाय अंदाज बरोबर आला तो प्रसंग आपण वर्षानुवर्षं सांगतो आणि चुकलेले विसरतो.

नुकसान कुणाचं होतं?

ज्याच्या हातात सत्ता नाही त्याचं. कपाटातले पैसे सापडले नाहीत की मावशी घाबरतात, कारण त्यांची नोकरी आणि अब्रू दोन्ही टांगणीला असतात. त्यांचं घाबरणं हाच पुरावा धरला जातो.

दुसरं नुकसान आजाऱ्याचं. 'चेहऱ्यावर काही दिसत नाही, नाटक करतोय.' मधुमेहाच्या रुग्णाला कधी छातीत न दुखताही हार्ट अटॅक येतो. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं आणि तो शांतपणे बोलत असतो. त्याला 'नाटकी' ठरवून घरी बसवलं तर गेलेला वेळ परत येत नाही.

तिसरं नुकसान मुलांचं. लैंगिक अत्याचाराबद्दल सांगताना मूल रडेलच असं नाही. ते कोरडेपणाने सांगेल, मध्येच हसेल, मग गप्प होईल. 'खरं असतं तर रडला असता' हे वाक्य कृपा करून कधीही बोलू नका. ऐकून घ्या, त्याला दोष देऊ नका आणि १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा.

मग करायचं काय?

मीही रुग्णाची देहबोली पाहतो. चाल, चेहरा, श्वास, हात. त्यावरून त्याला त्रास आहे का हे कळतं. तो खरं बोलतोय का हे मला त्यावरून कळत नाही, म्हणून मी विचारतो आणि तपासतो. तुम्हीही तेच करा.

१. खरं सांगणं सोपं जाईल असा प्रश्न विचारा. मी 'गोळ्या वेळेवर घेता ना?' असं विचारत नाही. त्याला 'हो' हे एकच उत्तर येतं. 'गोळ्या सगळ्यांच्याच राहतात, गेल्या आठवड्यात तुमच्या किती राहिल्या?' असं विचारतो.

२. जे पडताळता येतं ते पडताळा. तीन महिन्यांची साखर चेहऱ्यावर शोधायची नसते, एचबीएवनसी करायची असते. पैसे हरवले तर आधी सगळे कप्पे आणि हिशेब बघा.

३. सलग बोलू द्या. आरोप केला की खरा माणूसही अडखळतो.

४. कुणी घाबरलेला दिसला तर 'काय अडचण आहे?' असं विचारा. थरथर, घाम, धडधड वारंवार होत असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्या.

घरातल्या कुणावर संशय असेल आणि हातात पुरावा म्हणून फक्त त्याची खाली गेलेली नजर असेल, तर तुमच्याकडे पुरावा नाही. तो मिळेपर्यंत त्याच्याशी नीट बोला.